तीन लाल टाके

नदी आटली आणि परटाचा दगड उघडा पडला. आजवर त्याचा नुसता माथा दिसायचा, तोही ओला. आता तो अख्खा दिसत होता, बुडाशी हिरवट, वर गुळगुळीत. म्हातारपणी दाराशी नेऊन बसवलेल्या कर्त्या माणसासारखा वाळूत बसून होता. परटाच्या बापाने त्याच्यावर धुतलं, आज्याने धुतलं. परीट जाता-येता त्याला एकदा हात लावायचा आणि पुढे खाणीकडे चालू लागायचा.

खाण दगडाची, कधीच बंद पडलेली. तिच्या तळाशी जुन्या पावसाचं पाणी साठून राहिलं होतं. पाणी जड. साबण कितीही घासा, फेस धरत नसे; हातांची सालटं मात्र निघत. उतरताना बोचकी कोरडी असायची, तेव्हा काही वाटायचं नाही. चढताना तीच बोचकी ओली, दुपटीने जड, आणि पायाखाली सुटी खडी.

"देवाने हा रस्ता उलटा बांधलाय," परटीण म्हणायची. "चढ सकाळी हवा होता."

"मग त्यालाच बोलाव एकदा धुवायला. लगेच सरळ करील."

"येईल तो. तुमच्यासारखा कुरकुरत नाही यायचा."

बोलायची ती, पण अलीकडे चढताना मध्येच बसायला लागली होती. आधी एका वळणावर, मग दुसऱ्याही. बोचकं डोक्यावरून न उतरवताच कातळाला पाठ टेकायची आणि डोळे मिटून घ्यायची. परीट पुढे जाऊन थांबायचा. मागे वळून बघायचा नाही. बघितलं तर तिला उठावं लागेल, म्हणून.

एकदा ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एक जाड चादर पिळत होती. तिच्याभोवतीच्या पाण्यात लालसर धागा सुटल्यासारखं काहीतरी पसरत गेलं.

"रंग कच्चा दिसतोय," ती चटकन म्हणाली. "उतरतोय."

चादर पांढरी होती. परटाला रंग आणि रक्त यांतला फरक कळत नाही, असं कधी होत नाही. पण बोललं की काहीतरी करावं लागतं. त्याने पिळाचं दुसरं टोक धरलं, आणि दोघांनी मिळून पाणी निथळेपर्यंत चादर पिळली.

घरी आल्यावर सुकलेल्या कपड्यांची वाटणी व्हायची. कुणाचं काय ते ओळखायला परटीण प्रत्येक घराच्या कपड्याला आतल्या बाजूने लाल दोऱ्याची खूण घालत असे. मास्तरांची फुली, दुकानदाराचा आडवा टाका, टेकडीवरच्या मोठ्या घराचे तीन उभे टाके. सुई दाराजवळच्या खांबात खोचलेली, दोरा तिच्यातच ओवलेला. लग्न होऊन आली तेव्हा परटाने तिला थट्टेने विचारलं होतं, "आणि आपली खूण कुठली?"

"आपलं काय हरवायचंय, की खूण घालायची?" ती म्हणाली होती. तेव्हा सासूसुद्धा हसली होती. पुढे ते घरातलं बोलणंच होऊन गेलं. तवा सापडला नाही, चप्पल सापडली नाही, की कुणीतरी म्हणायचं, खूण घातली होती का.

*

दवाखान्यात डॉक्टर येईल तेव्हा येई. सिस्टर मात्र रोज असत. त्यांनी परटिणीला आत नेलं, बराच वेळ तपासलं.

"किती महिने चाललंय हे?"

"बायांना असतंच की."

"हे असं नसतं," सिस्टर म्हणाल्या आणि बाहेर येऊन परटाला एका बाजूला घेतलं. "पिशवीत गाठ आहे. पिशवी काढावी लागेल. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. लवकर ने, वेळ गेली तर हातात काही राहणार नाही."

"आमच्याच्याने कसं व्हायचं?"

"तिथे गरिबांचं फुकट होतं."

"मग झालं की. आम्ही दुसरे कोण?"

"ते मी ठरवत नाही. मोजणीवाले येणार आहेत. घरोघर बघतील. ते ज्याला गरीब म्हणतील, तो गरीब."

परटाला हसू आलं. "म्हणजे मुलगी बघायला येतात तसं गरिबी बघायला येणार."

"हसू नकोस. विचारतील त्याची नीट उत्तरं दे. आहे ते सांग. बस."

आहे ते सांग. परीट घरी येईपर्यंत तेवढंच घोळवत आला. सांगायला तसं होतंच काय, चार भिंती आणि एक भट्टी.

*

मोजणीवाले येणार त्या दिवशी शेजारची मेंढरवाली सकाळीच कुंपणाशी आली. "माझी भांडी मी वैरणीत खुपसलीत. तुमची काही असतील तर द्या."

"आमची आहेत किती?" परटाची आई म्हणाली. "दोन तांबे लपवून बाई, आम्ही काय राजाचं लुटलं?"

"अंगण तरी झाडू नका, आत्या. कचरा दिसला तर बरं असतं म्हणतात."

म्हातारीला ते मानवेना. जन्म गेला दुसऱ्याची घाण काढण्यात. परटाच्या घरी पाहुणा यावा आणि त्याने उकिरडा बघून जावा? तिने अंगण झाडलं, भट्टीची राख काढली, उंबरा पुसला. हे सगळं करताना ती तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. देवळात गाऊन सांगणारे एक बुवा येत. त्यांचं तिने काळजात भरून ठेवलं होतं. देव मुकुट घालून येत नाही, बुवा गाऊन सांगायचे. तो धुळीच्या पायांनी येतो, दारात उभा राहतो आणि विचारतो, घरात काय आहे? ज्याने असेल नसेल ते पुढे केलं, त्याचं घर भरलं. ज्याने हात आखडला, त्याच्या दारावरून तो पुढे गेला.

म्हणून तिने टेकडीवरच्या घराच्या घडीतली एक चादर काढली. सायीच्या रंगाची, कडेला निळी पट्टी. बाजेच्या उघड्या सुंभावर ती पसरली आणि हाताने सुरकुती सारखी केली.

"आई, ती टेकडीवरची आहे," परटीण म्हणाली.

"दिसतंय मला. घटकाभराने घडी घालून ठेव. चादर काय बोंबलत जाणार आहे?"

"सिस्टर म्हणाल्यात, आहे ते दाखवा."

"आहे ते म्हणजे काय, सुंभ? पाहुण्याला सुंभावर बसवू? अगं, तुझ्याच कामाला येतोय तो. त्याचा मान ठेवला तर त्याचंही मन द्रवेल."

परटीण भट्टीपाशी टेकली. उभं राहून वाद घालण्याइतकं बळ तिच्या अंगात नव्हतं. तेवढ्यात परीट अंगात सदरा चढवून बाहेर आला. सदरा मास्तरांचा. त्याचा स्वतःचा पाठीवर फाटून सुतळीसारखा लोंबत होता. परीट चारचौघांत जातो तो दुसऱ्याच्या कपड्यांत, हे कुठल्याही गावाला ठाऊक असतं; कुणी तोंडावर म्हणत नाही इतकंच.

"नवरदेव दिसताय," ती म्हणाली.

"बघ मग. नीट बघून घे, संध्याकाळी परत द्यायचा आहे."

*

जीप आली ती टेकडीवरच्या घराची. मोजणीवाल्यांना गाडी नव्हती, म्हणून मोठ्या घराने दिली होती, ड्रायव्हरसकट. मोजणीवाला पोरसवदा होता, पाय धुळीने भरलेले. म्हातारीने ते पाय पाहिले आणि तिचे डोळे भरून आले. त्याच्याबरोबर दूरच्या देशाची एक बाई होती. तिला इथली भाषा येत नव्हती. सगळ्याकडे बघून ती हसत होती, छपराकडे बघूनही.

"बसा बाबा, बसा," म्हातारी म्हणाली.

तो बाजेवर बसला. दमलेला होता. नकळत त्याचा तळवा चादरीवरून फिरला. "छान आहे," तो म्हणाला. "माझ्या खोलीवरसुद्धा अशी नाही." मग त्याने विचारायला सुरुवात केली. भिंती कशाच्या, पाणी कुठून, घरात माणसं किती.

"पोटभर जेवता का, आजी?"

गरिबाने देवाची तक्रार पाहुण्यापाशी करायची नसते. म्हातारीने हात जोडले. "त्याच्या कृपेने या घरात कुणी उपाशी झोपत नाही."

पोराने ते लिहून घेतलं. मग चादरीची कड चिमटीत धरून परटाला विचारलं, "ही तुमचीच?"

ड्रायव्हर दाराला टेकून उभा होता. दातात काडी. त्याचं लक्ष होतं की नव्हतं, देव जाणे. पण परटाला तेवढाच दिसत होता. टेकडीवरचं धुणं म्हणजे घरी येणारं निम्मं धुणं. आपल्या अंथरुणावरची चादर परटाच्या बाजेवर पडली होती, हे त्या घराला कळलं तर धुणं बंद. इतर घरंही मागोमाग. त्याने भट्टीकडे पाहिलं. भट्टीमागे परटीण बसली होती, ओटीपोटावर मूठ दाबून.

"आमचीच," परीट म्हणाला.

"आणि सदरा?"

"अंगात आहे म्हणजे आमचाच की."

ड्रायव्हर हसला, पोरगा हसला. ते हसले म्हणून ती परदेशी बाईही हसली.

जीप गेली. परटिणीने उठून चादर झटकली, काठाला काठ लावला, घडी घातली.

"आहे ते सांगायचं होतं ना," ती म्हणाली.

"ड्रायव्हर होता गं."

"हं."

"धुणं गेलं असतं तर खाल्लं काय असतं?"

"मी कुठं काय म्हणते?" तिने घडीवर हात दाबला. "इस्त्री लागेल परत. तो बसला तिथं चुरगळलीय."

*

सिस्टरनी निरोप दिला तो दवाखान्याच्या पायरीवर, हळू आवाजात. परटाचं घर गरिबात धरलं नव्हतं. थोडक्यात हुकलं. रेषेच्या वर आलं.

"रेष कुठं मारलीय?" परटाने विचारलं.

"कागदावर असते ती."

"किती वर आलो?"

"अगदी बोटभर."

"आणि टेकडीवरचं घर?"

"ते तर वरच असणार."

"म्हणजे आम्ही एका बाजूचे झालो," परीट म्हणाला. सिस्टरनी वेदना थांबायच्या गोळ्या कागदात बांधून त्याच्या हातात दिल्या.

त्याच आठवड्यात परटिणीच्या भावाचा फोन मेंढरवालीच्या फोनवर आला. भाऊ लांब, श्रीमंत देशात होता. एका हॉटेलाच्या तळघरात चादरी धुवायचा. परटीण कुंपणाला टेकून बोलत होती. परीट शेजारी उभा होता, त्याला सगळं ऐकू येत होतं.

"ताई, इथं मला गरिबात धरतात," भाऊ म्हणाला.

"काहीतरीच. फ्रिज आहे म्हणाला होतास ना?"

"आहे."

"आणि गरम पाणी?"

"नळाला येतं."

"मग गरीब कसला रे तू?"

"इथल्या लोकांपुढं गं."

परटीण हसायला लागली. हसता हसता पोट धरून खाली बसली. "आणि आम्ही बघ, वर गेलो बाबा. रेषेच्या वर." मग दम घेऊन तिने विचारलं, "तिकडं चादरींना खुणा कशा घालतात?"

"खुणा नसतात, ताई. सगळ्या सारख्या. एक हरवली तर दुसरी घेतात."

"अगोबाई," ती म्हणाली.

भाऊ म्हणाला, मी यायला निघालो असतो, पण इथून निघालो तर परत आत घेणार नाहीत. मग तो रडायला लागला. परटिणीने त्याची समजूत घातली. जेवतोस का, थंडी असेल, अंगावर घेत जा, असं काहीबाही बोलून फोन मेंढरवालीला दिला.

*

तिला बाजेवरून उठवेनासं झालं, तेव्हा परीट टेकडी चढला. मोठ्या घराच्या मागच्या दाराने तो नेहमी जायचा. आजही मागच्याच दाराने गेला. बाई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. वाईट बाई नव्हत्या त्या. घरातले जुने कपडे द्यायच्या, तब्येत विचारायच्या.

"बाई, एक खरं सांगायला आलोय."

त्याने सगळं सांगितलं. चादर, मोजणीवाला, ड्रायव्हर, आपण काय बोललो ते. "तुम्ही एक शब्द टाकलात, की ती चादर तुमची आहे, परटाची नव्हे, तर ते आमचं घर खाली घेतील. तिचं ऑपरेशन होईल."

"कुठली चादर?"

"सायीच्या रंगाची. निळ्या पट्टीची."

"आमच्या झोपायच्या खोलीतली." बाईंनी खुर्ची थोडी मागे घेतली. ते त्यांच्या नकळत झालं. "तुझी बायको झोपली होती तिच्यावर?"

"नाही बाई. तिने हात लावला तो घडी घालायला."

"पण तिला हे असं असताना ती आमचं धुणं धूत होती. इतके महिने."

बाईंच्या दोन बाळंतपणांच्या चादरी परटिणीने धुतल्या होत्या. रक्ताला गरम पाणी लावायचं नाही, डाग बसतो. थंड पाण्यात, हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा. एक ठिपका राहू दिला नव्हता तिने. हे परटाच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथूनच परत गेलं.

बाईंनी शब्द मात्र टाकला. त्याच्यासमोरच फोन लावला, सगळं नीट सांगितलं, दोनदा विनवलं. मग फोन खाली ठेवला. "मोजणी संपली म्हणतात. आता पुढची होईल तेव्हा."

"ती कधी?"

"काही वर्षांनी."

परटाने वाकून नमस्कार केला. दुसरं काय करायचं असतं ते त्याला आठवेना.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर आला, जीप लांब लावून, चालत. काखेत चादर. "बाईंनी दिलीय. तुम्हीच ठेवा म्हणाल्या." तो जायला वळला आणि थांबला. "धुणं आता मशीनवर होणार आहे घरीच. हे मला सांगायला लावलंय." मग पायाने माती उकरत म्हणाला, "त्या दिवशी तू मला घाबरलास होय? आधी कळलं असतं तर मी बाहेर गाडीत जाऊन बसलो असतो रे."

*

परीट बाजेवर चादर पसरायला गेला, तर परटिणीने ती दूर सारली.

"डाग पडेल."

"पडू दे. आता आपलीच आहे."

"आपली असली म्हणून काय झालं? डाग तो डागच."

"थंड पाण्यात जातो."

"कोण धुणार?"

"मी."

"तुम्हाला नाही जमायचं," ती म्हणाली. "तुम्ही घाई करता."

ती सुंभावरच पडून राहिली. सुंभाचे वळ पाठीवर उमटले. चादर उशाशी घडी करून ठेवलेली. अधूनमधून ती तिच्यावर हात ठेवायची, घडी बिघडली नाही ना ते बघितल्यासारखा. म्हातारी पायाशी बसून तिचे तळवे चोळायची. दोघींमध्ये पूर्वी भांडणं व्हायची, मिठावरून, विस्तवावरून. एकदा म्हातारी म्हणाली, "सूनबाई, माझ्यावर राग नको धरूस."

"कशाचा राग, आई? चांगल्या मनानं पसरलीत तुम्ही." थोड्या वेळाने ती म्हणाली, "छान दिसत होती ती बाजेवर."

ती गेली ती भर सकाळी. बाहेर ऊन चांगलं कडक होतं, वारा होता. कपडे सुकायला याहून चांगला दिवस नव्हता. दोरीवर काही नव्हतं.

म्हातारी खांबाला टेकून बसली. "बुवा खोटं नाही सांगायचे," ती स्वतःशीच म्हणत होती. "तो आलाच होता. धुळीच्या पायांनी आला होता. मीच त्याला दुसऱ्याच्या चादरीवर बसवलं. घरात काय आहे विचारलं त्याने, आणि मी नाही सांगितलं." मेंढरवालीने तिला जवळ घेतलं. "आत्या, उगी. देव काय तेवढ्यावर रुसतो होय?" पण मेंढरवालीच्याही आवाजात तेवढा भरवसा नव्हता.

परटाने उशाशी ठेवलेली चादर घेतली आणि दारातल्या उजेडात बसला. कोपरा उलटा केला. तीन उभे लाल टाके, एकसारखे, तांदळाच्या दाण्याएवढे. तिच्या हातचे. त्याने खांबातली सुई काढली. लाल दोरा अजून तिच्यात होता, तिने ओवलेला. सुईच्या टोकाने त्याने एकेक टाका उचलून उसवला. कापडाला बारीक भोकं राहिली. ती अंगठ्याच्या नखाने घासायची, म्हणजे वीण परत मिटते. त्याने तिला असं करताना हजारदा पाहिलं होतं. त्याने घासली. वीण मिटली.

"आता आपली एखादी खूण घाल," म्हातारी म्हणाली.

परटाने जन्मात टाका घातला नव्हता. त्याने एक घातला. वाकडा आला. उसवून पुन्हा घातला. तोही वाकडाच आला. मग त्याने दोरा दातांनी तोडला, टाक्याचा कोपरा तिच्या तोंडाकडे येईल असं बघितलं, आणि घाई न करता, काठाला काठ लावत, चादर तिच्या अंगावर ओढली.